कायदा बदलला, वाटप बदलले नाही : अमेरिकेतील वांशिक विषमता आजही का टिकून आहे?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या सत्पुरुषांना अर्पण केला. कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्यासाठी ते झटले, म्हणून. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा फक्त ८ वर्षे झाली होती. आज त्या गोष्टीला दीडशेहून अधिक वर्षे लोटली. दरम्यान अमेरिकेने शाळांतले विभाजन बेकायदेशीर ठरवले, मताधिकाराचा कायदा केला, घर नाकारण्यावर बंदी घातली आणि २००८ साली एक कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्षही निवडून दिला. तरीही २०२० च्या मे महिन्यात मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, तेव्हा जगभरचे लोक रस्त्यावर आले. हा एका पोलिसाच्या क्रौर्याचा प्रश्न नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते.

प्रश्न असा आहे : कायदे बदलले, तरी विषमता का टिकली? ‘लोकांच्या मनात अजून द्वेष आहे’ हे त्याचे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. समतेचा कायदा आजपासून पुढे भेदभाव करू नका, असे सांगतो. मात्र काल काय कुणाला वाटले गेले, त्याला तो हात लावत नाही. जमीन, घर, कर्ज आणि शाळा यांचे जे वाटप वंश पाहून झाले, ते तसेच वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जाते. हा लेख त्या वाटपाचा हिशेब मांडतो.

आजचे चित्र

अमेरिकेची मध्यवर्ती बँक दर ३ वर्षांनी कुटुंबांच्या मालमत्तेची पाहणी करते. २०२२ च्या पाहणीनुसार सर्व गोऱ्या कुटुंबांना संपत्तीच्या क्रमाने रांगेत उभे केले, तर बरोबर मधल्या कुटुंबाची निव्वळ संपत्ती सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर होती. कृष्णवर्णीयांच्या रांगेतल्या मधल्या कुटुंबाची सुमारे ४५ हजार डॉलर. म्हणजे ६ पटींहून जास्त फरक. स्वतःचे घर असलेल्या गोऱ्या कुटुंबांचे प्रमाण सुमारे ७४ टक्के, तर कृष्णवर्णीयांचे सुमारे ४५ टक्के आहे.

आरोग्यातही तेच. २०२३ साली दर १ लाख जिवंत जन्मांमागे गरोदरपण आणि बाळंतपणाशी संबंधित कारणांनी १४.५ गोऱ्या मातांचा मृत्यू झाला. कृष्णवर्णीय मातांसाठी हा आकडा ५०.३ होता. लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १३ ते १४ टक्के आहेत, पण राज्य आणि संघराज्य पातळीवरच्या तुरुंगांतल्या कैद्यांत ते जवळपास एक तृतीयांश आहेत.

प्रगती झालीच नाही, असेही नाही. १९५९ साली निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय दारिद्र्यरेषेखाली होते; २०२२ साली हे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास आले. शिक्षण वाढले, मध्यमवर्ग तयार झाला. पण उत्पन्न आणि संपत्ती या वेगळ्या गोष्टी आहेत. उत्पन्न म्हणजे या महिन्याचा पगार. संपत्ती म्हणजे आजोबांनी ठेवलेले घर, वडिलांनी फेडलेले कर्ज आणि आजारपणात मोडता येणारी ठेव. पगार एका पिढीत वाढतो. संपत्ती साठायला पिढ्या लागतात, आणि नेमक्या त्याच पिढ्या कृष्णवर्णीयांकडून हिरावल्या गेल्या.

‘वंश’ म्हणजे काय?

तथागतांनी सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात हा प्रश्न २५०० वर्षांपूर्वी हाताळला आहे. गवत, झाडे, कीटक, पक्षी, मासे यांच्यात जन्माने भिन्न अशा जाती दिसतात. माणसांत तसा भेद दाखवणारे शरीरावरचे कोणतेही चिन्ह नाही, माणसांमधला भेद हा केवळ व्यवहारातल्या नावाचा आहे, असे ते सांगतात. आधुनिक जीवशास्त्रही त्याच ठिकाणी पोहोचले आहे. युनेस्कोने १९५० साली शास्त्रज्ञांचे निवेदन प्रसिद्ध करून वांशिक श्रेष्ठत्वाची कल्पना नाकारली. कोणत्याही दोन माणसांचा जनुकीय आराखडा जवळपास ९९.९ टक्के सारखा असतो.

पण वंश जीवशास्त्रात नाही, म्हणून तो समाजात नाही असे होत नाही. कातडीच्या रंगावरून कोण मालक आणि कोण मालमत्ता हे ठरवणारी व्यवस्था व्हर्जिनियात १६१९ साली आफ्रिकी माणसांना उतरवले त्यानंतरच्या शतकात कायद्यात पक्की झाली. आईची स्थिती तीच मुलाची, असा नियम तिथे १६६२ साली झाला. जन्मावरून दर्जा ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

१८६५ : मुक्ती मिळाली, जमीन नाही

नुकसानभरपाई कुणाला मिळाली, इथून सुरुवात करू. एप्रिल १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधली गुलामगिरी संपवताना सरकारने प्रत्येक गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत भरपाई दिली. ती गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना.

जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांनी दक्षिणेच्या किनारपट्टीवरची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत देण्याचा लष्करी आदेश काढला. सुमारे ४० हजार माणसे त्या जमिनीवर वसलीही. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा खून झाला. त्यांच्या जागी आलेले अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी ती जमीन बंडखोर मालकांना परत देऊन टाकली. त्याच काळात १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पश्चिमेकडची सरकारी जमीन १६० एकरांच्या तुकड्यांनी जवळपास फुकट वाटली जात होती. ती मुळात तिथल्या आदिवासी जमातींकडून घेतलेली होती आणि तिचा लाभ प्रामुख्याने गोऱ्या कुटुंबांना झाला.

जमीन नसलेला मुक्त माणूस जुन्याच मालकाच्या शेतावर बटाईने राबू लागला. गुलामगिरी रद्द करणाऱ्या १३ व्या घटनादुरुस्तीत गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या मजुरीला मुभा होती. दक्षिणेच्या राज्यांनी ‘भटकेपणा’ हाच गुन्हा ठरवला, माणसे पकडली आणि कैदी म्हणून खाणींना आणि मळ्यांना भाड्याने दिली. १८७७ साली संघराज्याचे सैन्य मागे घेतले गेले. त्यानंतर मतदानासाठी कर, साक्षरतेची परीक्षा आणि जमावाकडून हत्या या तीन हत्यारांनी मताधिकार कागदावरच राहिला. १८७७ ते १९५० दरम्यान झुंडीने केलेल्या चार हजारांहून अधिक हत्यांची नोंद आज उपलब्ध आहे. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले. वेगळे झाले, समान कधीच झाले नाही.

जिथे कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या बळावर संपत्ती उभी केली, तिथे ती जाळली गेली. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात ग्रीनवुड हा त्यांचा भरभराटीचा बाजारपेठेचा भाग होता. ३१ मे आणि १ जून १९२१ रोजी गोऱ्या जमावाने त्याचे ३५ चौक बेचिराख केले.

घरांचा नकाशा

आजच्या विषमतेचा सर्वात मोठा धागा मात्र गुलामगिरीपेक्षा जवळचा आहे. तो १९३० च्या दशकातल्या कल्याणकारी योजनांत सापडतो.

महामंदीत लोकांची घरे लिलावात जाऊ लागली, तेव्हा सरकारने १९३३ साली गृहकर्जासाठी एक महामंडळ स्थापले. त्याने २०० हून अधिक शहरांचे नकाशे तयार करून प्रत्येक वस्तीला कर्जासाठी दर्जा दिला. उत्तम वस्ती हिरवी, धोकादायक वस्ती लाल. कृष्णवर्णीयांची वस्ती बहुतेक वेळा लालच रंगवली गेली. यावरूनच ‘रेडलाइनिंग’ हा शब्द आला. १९३४ साली गृहकर्जाला सरकारी हमी देणारी संस्था निघाली. तिच्यामुळे सामान्य माणसाला कमी आगाऊ रक्कम भरून लांब मुदतीच्या हप्त्यांवर घर घेता येऊ लागले. पण मिश्र वस्तीतल्या घराला हमी देणे तिला जोखमीचे वाटे. उलट, खरेदीखतात ‘हे घर गोऱ्यांखेरीज कुणाला विकणार नाही’ अशी अट घालण्याची शिफारस तिच्या नियमपुस्तिकेत होती.

डेट्रॉइटमध्ये १९४१ साली एका बिल्डरला कृष्णवर्णीय वस्तीला लागून गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती. सरकारी हमी मिळेना. त्याने दोन्ही वस्त्यांच्या मधे ६ फूट उंच, सुमारे अर्धा मैल लांब भिंत बांधली आणि हमी मिळाली. ती भिंत आजही उभी आहे. गावकुसाबाहेर ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना तिचा अर्थ सांगावा लागत नाही.

१९३५ साली सामाजिक सुरक्षा कायद्याने म्हातारपणी निवृत्तिवेतन सुरू केले. त्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले गेले. कायद्यात ‘कृष्णवर्णीय’ हा शब्दही नव्हता, पण दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय याच दोन कामांत होते. १९४४ साली दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना शिक्षण आणि स्वस्त कर्ज देणारा कायदा आला. अमेरिकेचा मध्यमवर्ग घडला, तो बराचसा याच कायद्याने. तो सर्व सैनिकांसाठी होता, पण राबवायचा होता स्थानिक अधिकाऱ्यांनी आणि बँकांनी. १९४७ साली मिसिसिपी राज्यातल्या १३ शहरांची पाहणी झाली. सरकारी हमीच्या ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना मिळाली होती फक्त २.

ज्यांना बँक दारात उभी करत नव्हती, ते शिकागोसारख्या शहरांत विकणाऱ्याकडूनच हप्त्याने घर घेत. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर विकणाऱ्याच्या नावावर राही. एक हप्ता चुकला तरी घरही जाई आणि भरलेले पैसेही.

कायदा आला, तोपर्यंत

मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी हत्या झाली. त्यानंतर आठवड्याभरात, ११ एप्रिलला, घर विकताना आणि भाड्याने देताना वंशभेद करण्यावर बंदी घालणारा कायदा मंजूर झाला. त्या कायद्यासाठी लोक लढले, मेले. त्याचे मोल कमी लेखायचे कारण नाही. पण १९४८ साली उपनगरात काही हजार डॉलरना मिळणारे घर १९६८ पर्यंत बरेच महाग झाले होते आणि नंतर होतच गेले. दार उघडले, तेव्हा आतले भाव वाढले होते. गोऱ्या कुटुंबाने त्याच घरावर कर्ज काढून मुलाला कॉलेजात पाठवले होते, धंदा सुरू केला होता. पुढे ते घर मुलांच्या नावावर झाले.

घराला शाळा जोडलेली आहे. अमेरिकेत सरकारी शाळांच्या पैशाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. घराची किंमत कमी, तर कर कमी, तर शाळेचा निधी कमी. १९५४ च्या ब्राउन खटल्याने शाळेतले वंशभेदाचे दार मोडले. वस्तीची हद्द मात्र तशीच राहिली.

वस्तीला हवा आणि झाडेही जोडलेली आहेत. २०१८ च्या एका अभ्यासानुसार १९३० च्या दशकात लाल रंगवलेल्या वस्त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वस्त्या आजही कमी ते मध्यम उत्पन्नाच्या आहेत. २०२० साली १०८ शहरांचा अभ्यास झाला. त्यात जुन्या लाल वस्त्या इतर वस्त्यांपेक्षा सरासरी अडीच अंश सेल्सिअसहून अधिक तापलेल्या आढळल्या. तिथे झाडे कमी, डांबर आणि सिमेंट जास्त. नकाशा रद्द होऊन अर्धशतक उलटले तरी उन्हाळ्यात तो अंगाला जाणवतो.

तुरुंग आणि मतपेटी

कायद्याच्या शब्दांत वंश नसतानाही कायदा वंश पाहून कसा चालतो, याचे उदाहरण १९८६ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. ५ ग्रॅम क्रॅक कोकेनसाठी जी किमान ५ वर्षांची कैद, तीच भुकटीच्या कोकेनसाठी ५०० ग्रॅमला. क्रॅकच्या गुन्ह्यांत शिक्षा होणारे बहुतांश कृष्णवर्णीय होते. २०१० साली हे १०० ला १ असे प्रमाण १८ ला १ वर आणले गेले. शून्यावर नाही.

तुरुंगवासाचा परिणाम सुटकेबरोबर संपत नाही. नोकरीच्या अर्जावर गुन्ह्याची नोंद राहते, आणि अनेक राज्यांत मताधिकार काही काळ किंवा त्याहूनही जास्त काळ जातो. १९६५ च्या मताधिकार कायद्यानुसार भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी लागत असे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने, परिस्थिती बदलली आहे असे म्हणत, ही राज्ये ठरवण्याचे सूत्रच रद्द केले.

नाव पाहून दिलेले उत्तर

आजही चालू असलेला भेदभाव मोजता येतो. बोस्टन आणि शिकागोत नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे सुमारे ५ हजार अर्ज पाठवले गेले. फरक फक्त नावांत. २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : एमिली, ग्रेग यांसारख्या गोऱ्या वाटणाऱ्या नावांना लकीशा, जमाल यांसारख्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली.

हीच पद्धत आपल्याकडे महाराष्ट्राचे अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांनी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांच्यासोबत वापरली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात खासगी कंपन्यांना उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम नावांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावांपेक्षा स्पष्टपणे कमी निघाली. ‘खासगी क्षेत्र फक्त गुणवत्ता पाहते’ या दाव्याला हे आकड्यांतले उत्तर आहे.

नेहमीचे तीन आक्षेप

पहिला : ‘हा वंशाचा नव्हे, गरिबीचा प्रश्न आहे.’ अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली लक्षावधी अमेरिकनांच्या नोंदी तपासल्या. आईवडिलांचे उत्पन्न सारखे असतानाही कृष्णवर्णीय मुलगे मोठेपणी गोऱ्या मुलग्यांपेक्षा कमी कमावतात, हे त्यांना देशातल्या ९९ टक्के भागांत आढळले. मुलींच्या वैयक्तिक कमाईत असा फरक जवळपास दिसला नाही, हेही त्यांनी नोंदवले. गरिबी हे कारण आहेच, पण ते एकटे नाही.

दुसरा : ‘कायद्यासमोर सगळे समान झाले, आता विशेष सवलत हाच भेदभाव.’ याच विचारातून २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांतली वंश लक्षात घेणारी प्रवेशपद्धत घटनाबाह्य ठरवली. शंभर मीटरच्या शर्यतीत एकाला ४० मीटर पुढे उभे करायचे, शर्यत निम्मी झाली की ‘यापुढे कुणालाही सूट नाही’ असे जाहीर करायचे, आणि निकालाला गुणवत्ता म्हणायचे, असा हा प्रकार आहे.

तिसरा : ‘भारतीय आणि इतर आशियाई स्थलांतरित पुढे गेले, मग यांना का जमत नाही?’ १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर गेलेले भारतीय मोठ्या संख्येने आधीच डॉक्टर किंवा इंजिनिअर होते. तो कायदा आला, तो नागरी हक्क चळवळीने तयार केलेल्या वातावरणात. ज्यांच्या लढ्याने आपल्याला दार उघडले, त्यांनाच नालायक ठरवणे हा कृतघ्नपणा आहे.

वंश, जात आणि बाबासाहेब

वंश आणि जात एकच नव्हेत. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मूळ वंशात नव्हे, जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनात शोधले. वांशिक सिद्धांत त्यांनी पुढेही नाकारला. पण दोन्ही व्यवस्था जन्मावरून दर्जा ठरवतात आणि संपत्ती वाटतात, हे साम्य त्यांनी ओळखले होते. १९४६ साली अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे याचिका दिली, तेव्हा बाबासाहेबांनी विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून तिची प्रत मागवली. डू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष उभा राहिला. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने ते नाव आपलेसे केले. २००१ च्या डर्बन परिषदेत जातीचा प्रश्न घेण्यास भारत सरकारने विरोध केला, पण पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने ‘जन्मावर आधारित भेदभाव’ यात जातही येते असे स्पष्ट केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल हे जातिभेदावर बंदी घालणारे अमेरिकेतले पहिले शहर ठरले.

या लेखाचा मुद्दा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणातच मांडला होता : राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करत आहोत. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ (१९४७) मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातिभेद न पाळता कसायला देण्याची तरतूद थेट घटनेत मागितली होती, ती याच जाणिवेतून. दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ साली उभारलेले भूमिहीनांचे सत्याग्रह त्याच वाटेवरचे.

चळवळीने घ्यायचे धडे

एक, मोजणी. अमेरिकेत १७९० च्या पहिल्या जनगणनेपासून वंशाची नोंद आहे. ती गुलामांच्या मालकांच्या सोयीसाठी सुरू झाली, पण आज त्याच नोंदींमुळे दरी दाखवता येते. भारतात सर्व जातींची संपूर्ण मोजणी १९३१ नंतर झाली नाही. येत्या जनगणनेत ती करण्याचा निर्णय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. ती केवळ डोकी मोजून थांबू नये. जमीन, घर, कर्ज आणि शिक्षण यांचे आकडे जातीनिहाय प्रसिद्ध व्हावेत, ही मागणी आतापासून लावून धरायला हवी.

दोन, अंमलबजावणी. ३,२२९ पैकी २ हा आकडा आठवा. कायदा उत्तम होता. तो ज्यांच्या हाती दिला, ते जुनेच होते. म्हणून योजना जाहीर झाल्यावर काम संपत नाही, सुरू होते. अर्ज किती आले, मंजूर किती झाले, नाकारले कुणाचे, हे माहिती अधिकारात तालुका पातळीवर विचारता येते.

तीन, मालमत्ता. नोकरीतले प्रतिनिधित्व आवश्यक आहे, पण पगार पिढी तारतो आणि मालमत्ता पिढ्या तारते. घराचा हक्क, गायरान जमीन, उद्योगासाठी भांडवल आणि चांगली सरकारी शाळा हे प्रश्न आरक्षणाइतकेच आपले आहेत.

‘आता कुठे राहिलाय भेदभाव?’ असे कुणी विचारले, तर त्याच्या मनात द्वेष आहे की नाही या वादात पडू नका. एवढेच विचारा : जमीन, घर, कर्ज आणि शाळा कधी वाटल्या गेल्या, तेव्हा रांगेत उभे राहायला कुणाला मनाई होती, आणि ते वाटप पुन्हा कधी झाले?